ताईची चौसष्ट झाडं

रविवार, ९ मार्च

ताई शिडीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. वय एकाहत्तर, आणि बाई छाटणी करायला शिडीवर. मी आज यायचाच होतो, दुपारच्या गाडीनं पोचलो तेव्हा तिला स्ट्रेचरवर घालत होते. चेहरा पांढराफटक, तरी हुकूम सोडणं चालूच होतं. "छाटणी निम्मी राहिलीय. कळ्या फुगायच्या आत उरकायला हवी. माळी सांगेल तसं कर. आणि भाऊ, त्याला भाषण देऊ नकोस."

चिमी, म्हणजे तिची मुलगी, रडता रडता हसली. मीही हसलो. चाळीस वर्षं कारखान्यांच्या फाटकांवर आणि गावोगावच्या चौकांत अंधश्रद्धेविरुद्ध ओरडून माझा घसा बसला. ताई मात्र मला अजून वक्तृत्व स्पर्धेत दुसरा आलेला धाकटा भाऊच समजते.

नासपतीची चौसष्ट झाडं. आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ. मेहुणे गेल्यावर तिनं एकेक करून लावली. तिचं पोट त्यांच्यावर आहे, आणि जीवही. डॉक्टर म्हणाले, तीन महिने तरी घरी येणार नाही. ती येईल तेव्हा चौसष्टच्या चौसष्ट झाडं तिच्यापुढे उभी करायची. माझं एवढंच काम.

मंगळवार, ११ मार्च

ऑपरेशन नीट झालं. सकाळी माळ्याबरोबर बागेत उभा राहिलो. साठीचा बुटका माणूस, बावीस वर्षं ताईकडे आहे, बोलणं मोजकं. कामाला लागण्याआधी त्यानं कात्री कपाळाला लावली. तिथंच माझ्या कपाळाला आठी पडली. मग एक झाड झालं की कात्री पत्र्याच्या डब्यातल्या कसल्याशा उग्र वासाच्या पाण्यात बुडवायची, थांबायचं, फडक्यानं पुसायची, आणि मगच पुढचं झाड. मध्येच एखाद्या फांदीकडे बघून तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं आणि पुन्हा डबा. दिवसभरात जेमतेम दोन झाडं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"एकाचं दुखणं दुसऱ्याच्या दारात न्यायचं नाही, भाऊ."

"या झाडाला काय झालंय? ठणठणीत तर आहे."

तो म्हणाला, "दिसत नाही म्हणून नसतं असं थोडंच आहे."

नेमकं हेच वाक्य. या एका वाक्याशी मी चाळीस वर्षं झुंजलो. बुवांच्या मठात, भगतांच्या अंगणात, शिकल्यासवरल्या माणसांच्या दिवाणखान्यात हेच वाक्य मला दात विचकून हसत आलं. आज ते ताईच्या बागेत भेटलं.

गुरुवार, १३ मार्च

माळ्याला काढलं.

आधी समजावून सांगितलं. दक्षिणेकडच्या कळ्या फुगायला लागल्या आहेत, अजून तीस झाडं बाकी, या गतीनं दोन आठवडे जातील. डबा बाजूला ठेव, म्हटलं. तो म्हणाला, "डबा नसेल तर कात्रीही नाही." मी विचारलं, हे कुणी शिकवलं? "माझ्या बापानं." बापाला कुणी शिकवलं? त्यावर तो गप्प. गप्प बसणं हे अशा माणसांचं शेवटचं शस्त्र असतं.

मग मी बोललो. माणसाचा अपमान करणारं काही बोललो नाही, पण त्याच्या बापाच्या, आज्याच्या आणि त्यांच्या मागच्या साऱ्या अंधाराबद्दल बोललो. चांगलं बोललो, हे लिहिताना लाज वाटते, पण बोललो खरं. त्यानं डब्याचं झाकण लावलं, फडकं घडी करून खिशात ठेवलं, आणि म्हणाला, "ताईंना सांगा, तिसऱ्या ओळीतल्या पाचव्यावर लक्ष ठेवा. त्याच्या खोडावर चट्टा आहे."

चट्टा मी पाहिला. हाताच्या पंज्याएवढा, जरा खोलगट. म्हाताऱ्या झाडाला चट्टे पडायचेच.

शनिवार, १५ मार्च

छाटणी आता मीच करणार. ताईची कात्री तिच्या हाताच्या मापाची, माझ्या हातात पोरखेळ वाटते. बाजारातून जाडजूड कात्री आणली. तिचं एकच पातं धारेचं, ते खालच्या सपाट पट्टीवर येऊन आदळतं. जोर कमी लागतो. पण पहिल्याच फांदीची साल चेपली, रस सुटला, आणि जखम चघळल्यासारखी दिसायला लागली.

परत गेलो. दुकानदारानं कात्री उलटीपालटी केली. "काय कापलंत हिनं?"

"नासपती."

"सुकलेली की जिवंत?"

"जिवंत."

"मग खाटकाची सुरी घेऊन दाढी केलीत, भाऊ. ही मेलेल्या लाकडाची. जिवंत फांदीला दोन पाती एकमेकांच्या शेजारून सरकून जाणारी हवीत." त्यानं तशी कात्री काढली, माझा पंजा मापला, मूठ मिटवून पाहिली. बोटाएवढ्या फांदीला ही. अंगठ्याहून जाड असेल तर लांब दांड्याची. मनगटाएवढीला घडीची करवत, आणि ती ओढताना कापणारी घ्या, ढकलताना कापणारी नको, शिडीवर तोल जातो. धारेचं पातं नेहमी झाडाकडे ठेवायचं, म्हणजे खुंटी उरत नाही. माणूस शाळेत न जाता प्राध्यापक झालेला. मी ऐकतच राहिलो.

"स्पिरिटची बाटली देऊ बरोबर?"

"ती माळ्याची खुळं मला नकोत," मी म्हणालो. त्यानं बाटली परत फळीवर ठेवली. कात्री कागदात गुंडाळून दिली.

रविवार, २३ मार्च

आठ दिवसांत तीसही झाडं उरकली. हाताला फोड आले, पण एकेक काप आरशासारखा. रोज संध्याकाळी दगडावर धार लावतो, तेल देतो. चांगलं हत्यार हातात असलं की माणूस खोटं बोलू शकत नाही असं वाटतं.

आणि मी आजच खोटं बोललो. ताईनं विचारलं, "माळी बरा आहे ना?" मी म्हणालो, बरा आहे.

बुधवार, २ एप्रिल

ताईची जखम चिघळली. ताप एकशेतीन. पुन्हा उघडून धुवावी लागली.

वॉर्डात मी डोळ्यांनी पाहिलं. ड्रेसिंगवाली परिचारिका शेजारच्या खाटेवरून आली, तीच कात्री, तोच चिमटा, आणि ताईच्या पट्टीला हात घातला. मी तिथंच उभा राहून बोललो. सगळा वॉर्ड उठून बसला. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून नसतात का, असं मी त्यांना विचारलं. एका खाटेचं मरण दुसऱ्या खाटेवर पोचवायला तुम्हाला पगार मिळतो का, विचारलं. डॉक्टर धावत आले. परिचारिका रडायला लागली. मला तिची दया आली नाही.

चिमी बाहेर मला म्हणाली, "मामा, बरोबर बोललात. पण ती परिचारिका सहा तास एकटीच सगळा वॉर्ड बघत होती."

"दोन मिनिटं लागतात कात्री उकळत्या पाण्यात घालायला," मी म्हणालो.

शनिवार, १२ एप्रिल

बाग पांढरी झाली आहे. मधवाल्यांच्या माश्या दिवसभर गुणगुणतात. मधवाले म्हणजे पलीकडच्या बागेचे मालक. मधाच्या पेट्या ठेवतात, स्वतःची नासपतीची शंभर झाडं आहेत, आणि बागायतदारांच्या संघाचे अध्यक्षही तेच. चिमीनं फोटो काढून ताईला दाखवले. ताप उतरला आहे. तिनं एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"फुलं भरपूर आहेत. माळी कुठं दिसत नाही तो?"

चिमीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तू आधी बरी हो.

सोमवार, २८ एप्रिल

गेल्या आठवड्यात उकाडा आणि पाऊस एकदम. आज तिसऱ्या ओळीत पाच झाडांचे शेंडे काळे. जणू कुणी मेणबत्ती धरली. टोकं आकड्यासारखी खाली वळलेली, पानं जळून तशीच लटकलेली. चट्टेवाल्या झाडापासून सुरुवात आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन.

ताईला फोनवर सांगितलं. तिनं ओळ विचारली, मी तिसरी म्हणालो. मग म्हणाली, "माळ्याला बोलाव."

"मी आहे ना, ताई. तू काळजी करू नकोस."

"भाऊ, माळ्याला बोलाव."

आजारी माणसाला सवयीचा आधार लागतो. मी तिला धीर दिला. दिवसभर पाचही झाडांचे काळे शेंडे छाटले, आणि रोग पुढे जाऊ नये म्हणून उरलेल्या ओळींतल्याही संशयित फांद्या काढल्या. एकही झाड सोडलं नाही. कात्रीला दोनदा धार लावली.

रविवार, ४ मे

बागायतदारांच्या संघाची सभा. मधवाल्यांनी आग्रहानं बोलावलं. पन्नास-साठ माणसं.

मी विषय घेतला, हत्यार आणि हात. कोणत्या फांदीला कोणती कात्री, चेपणारी आणि कापणारी यांतला फरक, करवत कशी पारखावी. लोकांनी वह्या काढल्या. मग कुणीतरी विचारलं, तुमच्या बागेत शेंडे कशानं जळले? मला तेवढंच हवं होतं. मी म्हणालो, बावीस वर्षं ती झाडं एका अडाणी हातात होती. खोडावर पंज्याएवढा चट्टा होता, तो त्या हाताला दिसत होता, आणि त्यावर उपाय काय, तर मंतरलेलं पाणी. ज्याच्या डोक्यात अंधार, त्याच्या हातात कात्री देऊ नका. हे वाक्य मी सावकाश टाकलं. मग टाळ्या.

नंतर मधवाल्यांच्या बागेत सगळ्यांसमोर दोन झाडं छाटून दाखवली. माझ्याच कात्रीनं, कारण तिच्यासारखी दुसरी कुणाकडे नव्हती.

परतताना मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. चट्टा त्यानंच मला दाखवला होता. हे मी सभेत सांगितलं नाही. वाक्याची लय बिघडली असती.

शनिवार, १० मे

एकोणीस झाडं.

मी सकाळी छाटतो, चार दिवसांनी तिथंच काळं. पावसाला दोष द्यावा तर आठवडाभर थेंब नाही. माश्यांना द्यावा तर फुलं केव्हाच गळली. रोपवाटिकेनं तीस वर्षांपूर्वी रोगट रोपं दिली असतील. पण मग तीस वर्षं गप्प का?

रस्त्यात माळी दिसला. गोदामात पोती उचलतो. तो अधूनमधून जिथं छाटणीला जायचा, त्या मधवाल्यांसकट तिन्ही बागांनी त्याचं काम बंद केलं म्हणे. तो माझ्याकडे न बघता निघून गेला. मी हाक मारणार होतो. काय म्हणून मारू, ते सुचलं नाही.

शुक्रवार, १६ मे

बेचाळीस. मधवाल्यांच्याही दोन झाडांचे शेंडे गेले. ते म्हणतात, वाऱ्यानं आलं असेल.

चिमीनं शेतकी खात्यातून झाडांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं आहे. उद्या येतील.

शनिवार, १७ मे

बाई तरुण आहेत, पायांत चिखलाचे बूट. अर्धा तास नुसत्या फिरल्या. मग एका फांदीपाशी मला बोलावलं.

"काळं कुठून सुरू झालंय बघा."

कापापासून. माझ्या आरशासारख्या कापापासून खाली.

"आणि ही?" तशीच. "आणि ही?" तशीच.

"काप सुरेख आहेत," त्या म्हणाल्या. "कात्री कशानं पुसत होता दोन झाडांमध्ये?"

मी म्हणालो, तेलानं. रोज संध्याकाळी.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वयाचा मान ठेवला असावा, कारण पुढचं त्या झाडाला सांगितल्यासारखं बोलल्या. हा जंतूंचा रोग. रसात राहतो. रोगट फांदी कापलेलं पातं स्पिरिटमध्ये बुडवल्याशिवाय निरोगी फांदीला लावलं, की तो टोचून दिल्यासारखा. तुमच्याकडे आधी कुणी ते करत असेल, नाहीतर तो चट्टा घेऊन ही बाग इतकी वर्षं टिकली नसती.

बेचाळीस झाडं जाळायची. बावीस वाचतील, पण रोज पाहणारा डोळा आणि सरावाचा हात हवा. काळ्याच्या खाली हातभर कापायचं, प्रत्येक कापानंतर पातं बुडवायचं, महिनाभर. "असं कुणी आहे इथं?"

"होता," मी म्हणालो.

रविवार, १८ मे

वॉर्डातल्या त्या परिचारिकेचा चेहरा सकाळपासून डोळ्यांसमोरून हलत नाही. मी जंतूंवर व्याख्यानं दिली आहेत. जंतूंचा शोध कसा लागला, त्यावर एक पुस्तिकाही लिहिली आहे. पण हे माझ्या बरोबरीच्या माणसाकडून आलं असतं तर मी विज्ञान म्हणून ऐकलं असतं. कात्री कपाळाला लावणाऱ्या माणसाकडून आलं, म्हणून ऐकलं नाही.

चिमी म्हणाली, "आईला सांगू या, पावसानं गेली. तिला सोसणार नाही." मी नाही म्हणालो. दवाखान्यात खाटेशेजारी बसून सगळं सांगितलं. काढल्याचं, खोटं बोलल्याचं, सभेचं.

ताई छताकडे बघत होती. "मला माहीत आहे. तो मला भेटायला आला होता, एप्रिलमध्येच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. माळ्याला बोलाव, माळ्याला बोलाव, किती वेळा म्हणाले. तू मला धीर देत होतास."

मग म्हणाली, "बावीस तरी राहू दे. त्याला आण."

सोमवार, १९ मे

गोदामाच्या मागे, जेवणाच्या सुट्टीत. मी माफी मागितली. त्यानं डबा बंद केला, हात धुतले.

"मला इथं सांगून काय उपयोग, भाऊ? सभेत म्हणालात ना, सभेतच म्हणा. मला कुणी फाटकाच्या आत घेत नाही. उद्या तुमच्या बागेत दिसलो तर लोक म्हणतील, रोग पुन्हा कामावर आला. त्या बावीस झाडांशेजारून कुणी चालणार नाही, आणि फळ कोण घेईल?"

"रविवारी सभा आहे. सगळ्यांसमोर सांगतो."

"सरळ सांगा," तो म्हणाला. "सजवू नका."

रविवार, २५ मे

जसं झालं तसं लिहितो.

सभागृह भरलेलं. माळी मागच्या दाराशी उभा होता, धुतलेला सदरा घालून. मी टिपण नेलं नव्हतं. नऊ वाक्यं बोललो. रोग माळ्यानं आणला नाही. तो इतकी वर्षं त्यानं अडवून धरला होता. डब्यात मंतरलेलं पाणी नव्हतं, स्पिरिट होतं. मी त्याला काढलं. मी न बुडवलेल्या कात्रीनं चौसष्ट झाडं छाटली आणि मधवाल्यांची दोन. चट्टा त्यानं मला दाखवला होता, ते मी तुमच्यापासून लपवलं. मागच्या सभेतलं माझं बोलणं खोटं होतं. त्याला काम द्या. मला क्षमा करा.

मग मधवाले उठले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मंडळी," ते म्हणाले, "मोठं मन म्हणजे काय, ते आज पाहिलं. एका गरीब माणसाची भाकर जाऊ नये म्हणून एवढा विद्वान माणूस दोष स्वतःवर घेतो."

"नाही," मी म्हणालो, "हे खरं आहे."

"तेच तर," पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

मी पुन्हा बोलायला उभा राहिलो. आवाज चढला. इतक्या वर्षांची सवय, शब्द आपोआप ओळीत उभे राहायला लागले. मी ओरडून सांगत होतो की मी दोषी आहे, आणि जितकं चांगलं सांगत होतो, तितकी त्यांची मान माझ्यापुढे लवत होती. पहिल्या वेळी त्यांनी विश्वास ठेवला कारण मी बोललो. या वेळी ठेवला नाही, तोही मीच बोललो म्हणून. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

दाराशी मधवाल्यांनी माळ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी ऐकलं. "भाऊंनी तुझ्यासाठी एवढं केलं. आता पुन्हा चुकू नकोस."

मी त्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेलो. "उद्या येशील ना? ताई वाट बघतेय."

तो थांबला. राग नव्हता त्याच्या तोंडावर. मला राग चालला असता.

"आधी लोक म्हणत होते, माळ्यानं केलं," तो म्हणाला. "आता म्हणतील, माळ्यानं केलं आणि भाऊंनी पोटात घातलं. या नावानं मी कुठल्या बागेत जाऊ?"

"मी घरोघर जाऊन सांगतो."

"नको, भाऊ. आता बोलू नका."

सोमवार, २६ मे

ताईनं फोनवर एवढंच विचारलं, "आला?"

"नाही."

पलीकडून वॉर्डातली ढकलगाडी जाण्याचा आवाज आला. 

"मग बावीसही काढून टाक. ती ठेवली तर शेजारच्यांची जातील. झाडं उपटणाऱ्या मशीनवाल्यांना बोलाव."

"ताई, मी शिकून घेतो. बाईंनी सगळं सांगितलंय. रोज पाहीन, प्रत्येक कापाला..."

"नाही," ती म्हणाली. "तू हात लावू नकोस."

मशीनवाले बुधवारी येणार आहेत. त्यांना फाटक उघडून द्यायला कुणीतरी लागेल. तेवढं मी करीन म्हणालो, आणि ती बरं म्हणाली.